सरकवलेला चांदा

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला फसवलं, आणि मला पुढे करून एका गावाला त्याच्या डोंगराला मुकवलं. नात्यातले लोक अजून म्हणतात, "भावंडांत काहीतरी गैरसमज झाला." गैरसमज झाला नाही. ज्याला सगळं कळत होतं त्याने ते केलं, आणि जिला काही कळू दिलं नाही तिचं, म्हणजे माझं, नाव त्या नकाशाखाली छापलं गेलं.

आमचं घराणं शिपायांचं. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, आणि आजोबांकडे कंबरपट्टा तेवढा उरला. तो पुढे वडिलांकडे आला. त्यांनी तो कमरेला कधी लावला नाही, आम्हा दोघांच्या पाठीवर लावला. दादा मार खाताना भिंतीकडे बघत गप्प राहायचा. मी वडिलांच्या मनगटाला चावायची. एकदा रक्त निघालं तेव्हा वडील चक्क हसले. म्हणाले, "ही पलटणीत हवी होती." दादा ते ऐकत उभा होता. त्याच्या पाठीवरचे वळ तेव्हा ताजे होते.

कॉलेज अर्धवट सोडून मी एका कचेरीत रोजंदारीवर नकाशे गिरवायला लागले. काचेच्या टेबलाखाली बल्ब, वर ट्रेसिंग पेपर, हातात शाईचं पेन. बाकीचे दुपारी चहाला उठायचे तेव्हा मी साहेबांच्या टेबलावरचे नकाशे उलगडून बघायची. काम कळल्यावर मी दाल बाज़ारात एका डाळीच्या व्यापाऱ्याच्या दुकानावरची खोली घेतली. भाड्यावरून त्याच्याशी इतकी भांडले की शेवटी त्याने हात जोडले. "ले लो बाईसाब, पर रोज आके लड़ना मत." नकाशाच्या प्रती काढायचं अमोनियाचं मशीन आणलं, तेव्हा तो पुन्हा वर आला, कारण त्याच्या तूरडाळीला वास लागत होता. मी म्हटलं, डाळ लोक धुऊनच शिजवतात. 

मग कॉम्प्युटरवर नकाशे करायचे दिवस आले. मी आईच्या पाटल्या घेऊन सराफ्यात गेले. सराफाने तराजूकडे न बघताच घट सांगितली. मी पाटल्या त्याच्या समोर परत हातात चढवल्या आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. तो स्वतः उठून बोलवायला आला. असं करत करत माझी कंपनी उभी राहिली. पाटीवर माझं एकटीचं नाव होतं. त्यासाठी मी कोणाचे पाय धरले नव्हते.

दादा कामाला होता ती मिल बंद पडली तेव्हा मी त्याला कामावर घेतलं. बाहेरची कामं त्याच्याकडे दिली: गावात जायचं, हातातल्या जीपीएस यंत्रावर खुणेच्या जागांची रीडिंगं घ्यायची, मला आणून द्यायची. पगार वेळेवर द्यायची. पाटीवर आपलंही नाव असावं असं तो एकदा म्हणाला होता. मी नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणेन.

छत्तीसगड वेगळं झालं त्या सुमाराची ही गोष्ट. राज्याचे दोन तुकडे झाले आणि कचेऱ्यांमध्ये नुसता गोंधळ. कुठलं कपाट कुठल्या राजधानीला, कुठला साहेब कुठल्या राज्यात. उरलेल्या राज्यात जंगल किती, शेती किती, उघडा खडक किती, याचा नवा हिशोब जो तो मागत होता. त्यातच आम्हाला शहराबाहेरच्या दगडखाणींच्या पट्ट्यातल्या गावांचं काम मिळालं.

हे काम कसं असतं ते सांगते. एकाच जागेची उपग्रहाने घेतलेली दोन चित्रं घ्यायची, एक जुनं, एक नवं. त्यांत झाडी लाल दिसते, पाणी काळं, उघडा खडक निळसर पांढरा. कॉम्प्युटर एकेका ठिपक्याला विचारतो, तू तेव्हा काय होतास, आता काय आहेस. त्यावर गावाची शीव टाकायची आणि शिवेच्या आत काय बदललं तेवढंच मोजायचं. लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडतात ना, तसं. वाटीच्या आत आलं ते आपलं. बाहेर सोन्याची खाण निघाली तरी आपल्या हिशोबात शून्य.

वाटी कुठे दाबायची हे ठरतं चांद्यावरून. चांदा म्हणजे शिवेवर पुरलेला मोजणीचा दगड. संस्थानच्या काळातल्या कापडी नकाशावर चांदे, विहीर, देऊळ, तलाव दाखवलेले असतात. त्यांची आजची रीडिंगं घेतली की जुना नकाशा आजच्या चित्रावर नेमका बसतो.

त्या गावात पहिल्यांदा मी स्वतः गेले. गाव गुजरांचं, म्हशींचं. गावामागे डोंगर, आणि डोंगराच्या पलीकडच्या कुशीला खाण. तो सगळा डोंगर गावाच्या चराईची जमीन, चरनोई. विलीनीकरणानंतर ती गावाच्या नावावर लागली होती. खाणीच्या ठेकेदाराचा पट्टा, म्हणजे सरकारने खोदायला दिलेली जमीन, शिवेबाहेरचा होता, पण खड्डा शिवेच्या आत शिरला होता. नकाशात तसं दिसलं असतं तर खाण थांबवावी लागली असती. गावाने तक्रार केली होती ती याचसाठी, आणि तक्रारीचा पहिला अंगठा एका बाईचा होता.

तिचं घर डोंगराच्या पायथ्याशी, सगळ्यांत शेवटचं. उंच, हाडापेराने मजबूत, माझ्याच वयाची विधवा. तिने मला पाणी विचारलं नाही. माझा हात धरला आणि घराच्या भिंतीवर दाबून ठेवला.

"ठहरो," म्हणाली.

मी विचारलं, "काय आहे?"

"बस, हाथ धरे रहो."

वर सुरुंग फुटला. भिंत माझ्या तळव्याखाली जनावरासारखी थरथरली. कौलावरून खडे घरंगळत आले. तिच्या दारातली म्हैस दावं ताणून ओरडायला लागली.

"जे रोज होत है," ती म्हणाली. "बाईसाब, तुम हमारो पहाड़ कागज पे चढ़ा दो. फिर हम देख लेंगे."

मी तिला शब्द दिला. डोंगराच्या खांद्यावर झुडपात शेंदूर फासलेला चांदा होता. गावाने त्याचा देव केला होता. म्हशी चारायला जाताना गुजर त्याला नारळ फोडायचे आणि म्हशी व्यायल्या की पहिलं दूध वाहायचे. मी स्वतः झुडूप बाजूला करून तो बघितला. रीडिंगं घ्यायला पुढच्या महिन्यात दादा गेला.

त्याने आणलेली रीडिंगं नकाशावर टाकली तेव्हा सगळं इतकं चपखल बसलं की मी खूश झाले. दादाच म्हणाला, "चित्रं दोन्ही उन्हाळ्यातलीच घे छोटी, ढग नसतात." बरोबरच होतं ते. हिशोब आला: शिवेच्या आत तेव्हा झुडपी माळ, आता झुडपी माळ. बदल नाही. खड्डा शिवेबाहेर. मला बोचलं, पण मी पाहिलेली खड्ड्याची कड आणि झुडपातला चांदा यांच्यात अंतर थोडंच होतं, डोळ्यांचा अंदाज चुकला असेल असं वाटलं. अहवाल गेला. ठेकेदाराला पुढची परवानगी मिळाली.

पावसाळ्यानंतर दुसऱ्या गावाच्या कामासाठी माझी जीप त्या रस्त्याने गेली. पुलापाशी पहिला दगड आला तो समोरच्या काचेवर. ड्रायव्हर दार उघडून पळाला. मी खाली उतरले, कारण पळणं मला येत नाही. समोर दहा-पंधरा माणसं आणि पुढे ती बाई, हातात लाठी. तिच्या घराची एक भिंत पडली होती, हे मला नंतर कळलं.

"पहाड़ खा गई हमारो!" ती ओरडली. "कित्ते में बेचो?"

"मी विकला नाही! मैंने नहीं बेचा!"

"कागज पे नाम कौन को है?"

नाव माझंच होतं. मी डोकं वाचवायला हात वर केला आणि लाठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं मागून. मी डाव्या हाताने तिच्या तोंडात मारली. ती मागे हटली नाही. आम्ही दोघी रस्त्यावर एकमेकींच्या झिंज्या धरून लोळलो. शेवटी एका म्हाताऱ्याने आम्हाला सोडवलं. "छोड़ दे री, मर गई तो थाना हो जाएगो." माझी काळजी होती ती एवढीच.

हात गळ्यात बांधून मी दाल बाज़ारात परत आले. डोकं तापलेलं होतं. मी खोटं बोलले नाही हे मला सिद्ध करायचं होतं, म्हणून त्याच गावाचं पावसाळ्यानंतरचं चित्र मिळवलं आणि त्यावर तीच शीव टाकली. उन्हाळ्यात कोरडा तलाव आणि उघडी जमीन सारखीच दिसतात. पावसानंतर तलाव काळाभोर दिसतो. कापडी नकाशावरचा तलाव त्या काळ्या पाण्यावर बसायला हवा होता. तो शेजारच्या शेतात जाऊन बसला होता. देऊळ रस्त्यावर. सगळं गाव एकाच बाजूला सरकलेलं.

दादा पलीकडच्या खुर्चीवर भजी खात होता.

"दादा, तलाव शेतात कसा गेला?"

त्याने वळून पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जुने नकाशे आहेत छोटी. तेव्हा पृथ्वीचा आकार वेगळा धरायचे. नव्या यंत्रावर थोडं सरकतंच. तूच शिकवलंस मला."

"ते कुठल्या बाजूला सरकतं तेही मीच शिकवलं. हे उलट्या बाजूला सरकलंय. खाणीपासून दूर."

"मग तुझा कॉम्प्युटर जाणे."

"चांद्याचं रीडिंग कुठे घेतलंस?"

"चांद्यावरच घेतलं. त्याच्यावर यंत्र ठेवून. चबुतऱ्यावर बसून पुरी-भाजी खाल्ली, ती पण लिहून देऊ?"

"कसला चबुतरा?"

त्याचं चावणं थांबलं. मी पाहिलेला चांदा झुडपात होता. तिथे चबुतरा नव्हता.

मग हळूहळू त्याच्या तोंडून निघालं. ठेकेदाराने गावाला सांगितलं होतं, सुरुंगांनी देवाला त्रास होतो, देवाला खाली चांगल्या जागी बसवू. सिमेंट त्याचं, फरशी त्याची, भंडाऱ्याचं तूप त्याचं. गावाने वाजतगाजत आपल्या हाताने चांदा उपटला आणि डोंगराखाली आणून बसवला. देव मोठा झाला म्हणून बायकांनी गाणी म्हटली. शीव खाली आली, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. भंडाऱ्याच्या पंगतीत माझा भाऊ जेवत होता.

एक दगड हलला तर तो बाकीच्या खुणांशी जुळत नाही, कॉम्प्युटर ताबडतोब चूक दाखवतो. चूक दाखवली नाही, कारण दादाने विहिरीचं, देवळाचं, उरलेल्या चांद्यांचं, सगळ्यांचं रीडिंग हलवलेल्या चांद्याच्या मापाने सरकवून आणलं होतं. घरी बसून, आकडेमोड करून. ही भोळेपणाची चूक नव्हती. इतकं गणित त्याला येतं हे मला त्या दिवशी कळलं.

टेबलावर स्टीलची लांब पट्टी होती. मी ती डाव्या हाताने उचलली आणि त्याच्या कानावर मारली. कान फाटला. तो उठला आणि त्याने मला नकाशे छापायच्या प्लॉटरवर ढकललं, मोडका हात खाली आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्याच्या पोटरीला चावले.

"पाटीवर नाव कोणाचं?" तो माझ्यावर वाकून ओरडत होता. "तुझं! एकटीचं! मग सही तुझी, गाव तुझं, शिव्या पण तूच खा!"

"काय घेतलंस त्याच्याकडून?"

"तुझ्याकडे मागून जे मिळालं नाही ते!"

आवाज ऐकून डाळवाला वर आला. त्याने दादाला कॉलर धरून मागे ओढलं आणि माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. "भाई-बहन हो कि सांड? नीचे ग्राहक खड़े हैं!" दादाच्या कानाचं रक्त नव्या चित्राच्या प्रतीवर पडलं होतं. तो जिना उतरला तो परत आला नाही.

मी कचेरीत गेले. ज्या साहेबांनी काम दिलं होतं ते नव्या राज्यात गेले होते. नव्या साहेबांशी मी आयुष्यात कोणाशी केली नसेल अशी घासाघीस केली. पुन्हा मोजणी फुकट करते म्हटलं. चूक माझ्या कंपनीच्या माथी लिहा म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, चांदा जहाँ गड़ा है वहीं है. गाँव लिखकर दे कि हटाया गया, तब बात करेंगे."

म्हणून मी पुन्हा त्या गावात गेले, प्लास्टर घातलेला हात घेऊन. चबुतऱ्यापाशी माणसं जमली. मी चित्र उलगडून तलाव दाखवला, चांद्याची जुनी जागा दाखवली. पुरुष ऐकेनात. देव जागेवर नाही असं लिहून द्यायचं, म्हणजे आपण बसवलेला देव आपणच खोटा ठरवायचा.

"देवता अपनी मरजी से बिराजे हैं," एकजण म्हणाला.

"अपनी मरजी से?" मी ओरडले. "ठेकेदार के सीमेंट में?"

एक खडा माझ्या खांद्यावर बसला. तेवढ्यात ती बाई पुढे आली. तिने चित्राकडे नीट पाहिलं, तलावावर बोट ठेवलं, मग शेतावर. तिला सगळं कळलं. माझ्याकडे न बघता ती घरी गेली आणि पहार घेऊन आली.

"मैं ले जाऊँगी देवता को," म्हणाली. "जहाँ से लाए, वहीं."

तिने चबुतऱ्याच्या फरशीत पहार घातली. पहिली फरशी उडाली तशी बायका रडायला लागल्या. तिच्या दिरानेच तिचा दंड धरला. तिने त्याला कोपराने पाडलं आणि पुन्हा घाव घातला. ती मारता मारता देवाची क्षमा मागत होती, मोठ्याने, आणि ठेकेदाराला आईबहिणीवरून शिव्या देत होती, त्याहून मोठ्याने. चांदा हलला होता. अजून थोडा वेळ मिळता तर निघाला असता.

खाणीवरून ठेकेदाराची माणसं ट्रॅक्टर भरून आली, लाठ्या घेऊन. गावातल्या पुरुषांनी त्यांना वाट दिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी जीपमधलं लोखंडी हँडल घेतलं आणि पहिल्याच्या गुडघ्यावर मारलं, पण एका हाताने किती मारणार. मला दोघांनी चिखलात दाबलं. तिला त्यांनी चबुतऱ्यावरच पाडलं. पहार काढून घेतली आणि तिच्याच पहारेने तिच्या पायावर मारलं, एकदा नव्हे. ती ओरडेपर्यंत मारलं. मग ट्रॅक्टरवाल्याने चांद्यावर पाणी ओतलं, शेंदूर नीट केला, आणि हात जोडले.

तिचा पाय कापावा लागला. सरकारी दवाखान्यात मी गेले तेव्हा तिने पहिलं विचारलं, "कागज बदलो कि नहीं?" मी नाही म्हटलं. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. म्हशी दिराने विकल्या. सुरुंग चालूच आहेत. घराची दुसरी भिंतही गेली आहे. आणि गुन्हा नोंदवला गेला तो आम्हा दोघींवर, देवस्थानाची मोडतोड केल्याचा.

गाव लिहून देत नाही. ठेकेदार देणार नाही. माझं म्हणणं कोणी धरत नाही, कारण अहवालाखाली सही माझी आहे, आणि आता मीच तो खोटा म्हणते. तहसिलीत सुनावणी लागली आहे. चांदा हलवल्यानंतर बाकीच्या खुणांची रीडिंगं कशी सरकवली, हे सांगू शकणारा एकच माणूस आहे. तो आता इथल्याच हरिशंकरपुरम वस्तीत नवीन फाटकामागे राहतो. मी गेले तर वहिनी बाहेर येते. "जाऊ द्या ना वन्सं, भाऊ आहे तुमचा. ते झोपलेत." दुपारी चारला झोपलेले असतात.

वहिनी, त्याला उठवा आणि हे वाचून दाखवा. 

दादा, माझ्याकडून तुला जे मिळालं नाही त्याचं भांडण आपण दोघं भांडू, हवं तर पुन्हा पट्टी घेऊन भांडू. ते बाजूला ठेव. त्या बाईने तुझं काय केलं होतं? तू तिच्या दारावरून गेलास, तिच्या देवाच्या पंगतीत तिच्या हातची पुरी खाल्लीस, आणि घरी येऊन पेन्सिलीने तिचा डोंगर शिवेबाहेर काढलास. सुनावणीला ये. ती कुबड्यांवर येणार आहे. तिच्यासमोर उभा राहा आणि तहसीलदाराला सांग, रीडिंगं तू किती सरकवलीस, कोणाच्या सांगण्यावरून सरकवलीस, आणि तिच्या पायाचा जबाब कोण देणार. मी विचारतेय. बोल.